दुरुस्तीच्या वहीतले भुंगेरे

४ जून

ती. मामास,

नमस्कार वाकून करायचा होता, पण उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, तेव्हा अर्धाच समज. उरलेला अर्धा ऑगस्टमध्ये.

पत्र लिहितेय कारण फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस आणि मग मामीला भलतंच काहीतरी सांगतोस. या वेळी भलतंच झालेलं मला परवडणार नाही.

मी तुझ्या घरामागच्या डोंगरावर, वरच्या माळावर कशी घसरले ते तुला सांगायला नको, मला खाली आणणाऱ्यांत तूही होतास. पण मी तिथे करत काय होते ते तू कधी विचारलं नाहीस. तर ऐक. त्या गुडघाभर झुडपांच्या माळावर एक मोठा काळा भुंगेरा राहतो. त्याला उडता येत नाही, पाठीची दोन्ही झाकणं एकमेकांना चिकटलेली असतात. जन्मभर पायी. खालच्या माळावरही तो होता. दोन वर्षांपूर्वी तिथे नांगर घालून लाकडासाठी उंच झाडं लावली, तेव्हापासून तिथे एकही सापडलेला नाही. आता दोन्ही माळ ज्याच्या ताब्यात आहेत त्या मंडळाला वरच्या माळावरही तेच करायचंय. निर्णय ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्याआधी मी त्यांना सांगायचंय, वर हे भुंगेरे किती आहेत. भरपूर असले तर माळ राहील. नसले तर नांगर.

मी वर तीस पेले पुरून ठेवलेत, प्रत्येकावर पावसासाठी एक कौल टेकवून. चालता चालता भुंगेरे त्यात पडतात. कोणीतरी एक दिवसाआड जाऊन ते बघायला हवेत. पडलेल्याला बाहेर काढायचं, पाठीवर सोबतच्या बाटलीतल्या पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा, आणि दहा पावलांवर सोडून द्यायचं. पुढे ठिपकेवाला पुन्हा पडतो का, ते बघायचं. शंभरांना ठिपके दिलेस आणि नंतर पडणारे सगळे कोरेच निघाले, तर वर हजारोंनी आहेत. तेच तेच ठिपकेवाले यायला लागले, तर आहेत तेवढेच, बाकी माळ रिकामा.

डोंगराच्या पायथ्याशी राहणारा, सहा महिन्यांपूर्वी दुकान बंद करून घरात मामीच्या पायांत पायांत करणारा, आणि बारीक वस्तू चिमट्यात धरायची चाळीस वर्षांची सवय असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

जाशील ना?

तुझी भाची

९ जून

चि. खुडबुडीस,

आशीर्वाद पूर्ण पाठवतो आहे, आमच्याकडे अर्धे मिळत नाहीत.

गेलो होतो. तुझ्या तीस पेल्यांपैकी अकरांची कड जमिनीच्या वर आली होती. मी भुंगेरा असतो तर वळसा घालून निघून गेलो असतो. सगळे काढून पुन्हा पुरले, पातळी लावून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं.

पहिल्या दिवशी चार मिळाले. पहिल्यानं माझ्या बोटांवर काहीतरी उडवलं. त्याचा वास तीन वेळा साबण लावूनही गेला नाही. तुझ्या मामीनं जेवणाचं ताट मागच्या पायरीवर आणून ठेवलं आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

मोजणीसाठी दुकानातली दुरुस्तीची वही काढली आहे. अर्धी कोरीच राहिली होती. तीत रकाने आहेतच: आलं कधी, खूण काय, बिघाड काय, परत कधी दिलं. आलेल्या प्रत्येक घड्याळाची खूण मी आधी लिहून घ्यायचो, नाहीतर गिऱ्हाईक नेताना म्हणतं, हा ओरखडा आधी नव्हता. तुझे भुंगेरे तक्रार करायला येणार नाहीत, पण हाताची सवय जात नाही. पाठ तबकडीसारखी लांबट गोल आहे, डोकं बारावर धरलं की झालं. उदाहरणार्थ, क्रमांक दोन: चारच्या ठिकाणी ओरखडा, डाव्या मिशीचं टोक तुटलेलं.

दुकानातली न नेलेली सतरा घड्याळं मी घरी आणून खिडकीत मांडली आहेत. गिऱ्हाइकं येतील असं तुझ्या मामीला अजून वाटतं. मला वाटत नाही. तेव्हा सध्या जे येतंय त्याची नोंद करतो.

पाय उशीवर ठेव. खाजवायला पट्टी आत घालू नकोस. तू घालतेस, मला माहीत आहे.

मामा

१६ जून

ती. मामास,

पट्टी नव्हती, विणायची सुई होती.

पेल्यांबद्दल माझी मान खाली. आमच्या विभागप्रमुख बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं, त्या पातळीवर इतक्या हसल्या की चहा सांडला. मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी सगळ्या मुलांना तुझ्याकडेच पाठवते.

पण मामा, खुणा लिहीत बसू नकोस. एकेका भुंगेऱ्यामागे अर्धं पान घालवशील आणि तोवर बाकीचे पेल्यात एकमेकांना खातील. हे सगळे शिकारी आहेत, दिसायला कितीही शहाणे दिसले तरी. ठिपका आहे की नाही, एवढंच बघ. मला फक्त आकडे पाठव, तुझी वही तुझ्याकडेच ठेव. आणि प्रत्येक पेल्यात थोडं शेवाळ टाक, लपायला जागा मिळाली की मारामारी कमी होते.

वास जायला दोन दिवस लागतात. मामीला सांग, मी अशीच वास मारत या घरात पाच वर्षं राहिले आहे आणि आईनं मला एकदाही पायरीवर जेवायला बसवलं नाही. खिडकीजवळ बसवलं, पण घरात.

खुडबुडी

२८ जून

चि. खुडबुडीस,

अडतीस झाले. ठिपकेवाला एकही पुन्हा आलेला नाही. सगळे नवे.

खुणा लिहायच्या नाहीत असं तू म्हणालीस, मी ऐकलं, आणि लिहितो आहे. मला वेळ आहे. माझा वेळ तू वाचवून काय करणार आहेस?

एक सांगायचं म्हणजे, यांच्या पाठी मातीनं फार माखलेल्या असतात. मळलेल्या घड्याळावर रंग धरत नाही, हे मी तुला सांगायला नको. म्हणून ठिपक्याआधी प्रत्येकाला माझ्या जुन्या कातड्यानं पुसून घेतो, तेच, घड्याळं पुसायचं. असे लखलखतात की सोडताना जिवावर येतं.

क्रमांक चौदा गमतीचा आहे. उजव्या मागच्या पायाची शेवटची दोन पेरं नाहीत, लंगडतो. आणि पाठीच्या डाव्या कडेला, आठच्या जवळ, एक खाच. भिंगाखाली धरून बघितली. इतकी स्वच्छ, दोन्ही बाजू सारख्या, बारीक कानशीनं घ्यावी तशी. मी तर म्हटलं, हा कारागीर कोण?

गुडघे बरे आहेत. तुझी मामी म्हणते की मी घरात शीळ घालतो. खोटं आहे.

मामा

५ जुलै

ती. मामास,

अडतीस आणि एकही पुन्हा नाही. तुला कल्पना आहे का हे किती चांगलं आहे? मी पलंगावर बसल्या जागी टाळ्या वाजवल्या, आई धावत आली, तिला वाटलं पुन्हा पडले.

तुझा कारागीर कोण ते सांगते. दुसरा भुंगेरा. नाहीतर दगड, नाहीतर पक्षी. भिंग लावलं की तुला जिकडेतिकडे घड्याळजीच दिसतात. लहानपणी माझा दात पडला होता तेव्हाही तू भिंग लावून 'स्क्रू ढिला होता' म्हणाला होतास, आठवतं का? तेव्हा मी तीन दिवस बाकीचे दात हातानं धरून झोपले होते.

चौदाला माझा नमस्कार सांग. लंगड्यांनी लंगड्यांना धरून राहावं.

खुडबुडी

२४ जुलै

चि. खुडबुडीस,

सत्त्याण्णव. ठिपकेवाला शून्य. तुझ्या बाईंना चहाचा कप लांब ठेवायला सांग.

झुडपांना जांभळी फुलं आली आहेत. पहाटे वर गेलं की बुटात पाणी जाईपर्यंत दव असतं. तुझी मामी परवा माझ्याबरोबर आली होती, बघायला की मी खरंच वर जातो की खाली चहाच्या टपरीवर बसतो. पाच पेले बघून झाल्यावर स्वतःच गुडघ्यावर बसून कौल उचलायला लागली. एकाला तळहातावर घेऊन म्हणाली, किती गरीब आहे गं बाई. त्यानं लगेच तिच्या अंगठ्यावर उडवलं. आता आम्ही दोघंही पायरीवर जेवतो.

एक निरीक्षण कळवतो, तुमच्या शास्त्रात बसलं तर बघ. इथे लंगडे बरेच आहेत. उजव्या मागच्या पायाची दोन पेरं नसलेले आतापर्यंत पाच झाले. डोंगर चढून त्यांचेही पाय जातात वाटतं, तुझ्यासारखे.

प्लास्टर कधी निघतंय?

मामा

२९ जुलै

ती. मामास,

अकरा ऑगस्टला निघतंय. त्यानंतर महिनाभर काठी.

घाईत आहे, पण ही बातमी तुला आधी कळायला हवी. तुझ्या आकड्यांवरून हिशेब केला. वर कमीत कमी दोन हजार भुंगेरे आहेत, जास्तच असतील. बाईंनी काल मंडळाला तसं लेखी कळवलं, खाली माझी सही. चिटणिसांचं लगेच उत्तर आलं, एवढी संख्या असेल तर वरच्या माळाला हात लावण्याचा प्रश्न उरत नाही.

मामा, तू तो माळ वाचवलास. लंगड्यांचं माझ्या डोक्यात काही बसलं नाही, पण बसवेन कुठेतरी. पुस्तक लिहिलं तर तुझ्या नावे अर्पण करेन आणि आत तुझी पातळी काढेन.

खुडबुडी

११ ऑगस्ट

चि. भाचीस आशीर्वाद.

आज तुझं प्लास्टर निघालं असेल. पायाला एकदम भार देऊ नकोस.

एकशे बारा झाले. इकडे दोन दिवस वारा होता, काही कौलं उडाली, ती पुन्हा ठेवली. बाकी विशेष काही नाही.

सहज विचारतो, मंडळाला एकदा दिलेला आकडा मागे घेता येतो का? म्हणजे तशी पद्धत असते का? घाई नाही, सवडीनं कळव.

मामा

१८ ऑगस्ट

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे, शेवटचं पत्र तुझ्या आईला लिहिलं होतं, तू झालीस तेव्हा. हे गावात गेलेत म्हणून लिहायला बसले.

आठ दिवस झाले, यांचं काहीतरी बिनसलं आहे. शीळ बंद. जेवताना समोर बघत राहतात. टेबलावर माती घातलेला एक डबा आणून ठेवलाय, त्यात एक भुंगेरा. सकाळ-संध्याकाळ डोळ्याला भिंग लावून त्याच्याकडे बघतात. मग तो पुन्हा वर नेऊन सोडला आणि दुसरा आणला. ते पुसायचं कातडं तीनदा धुतलं, शेवटी जाळलं. चाळीस वर्षं ज्याला मला हात लावू दिला नाही ते चुलीत घातलं. मी विचारलं, काय, भुंगेरा मेला का? तर म्हणाले, मेला असता तर बरं झालं असतं.

तुला चार पत्रं लिहून फाडलीत. तुकडे मी जोडून बघितले, खोटं कशाला बोलू. प्रत्येकात तुझ्या नावापुढे काहीच नव्हतं.

तूच विचार. मला सांगणार नाहीत, आणि तुला सांगायचं धाडस होत नाहीये. तुला भितात ते, तुला ठाऊक नसेल.

मी लिहिलं हे सांगू नकोस.

मामी

२१ ऑगस्ट

ती. मामास,

मला कोणीही काहीही लिहिलेलं नाही.

पण तुझ्या मागच्या पत्रात एकही टोमणा नव्हता. तू मला 'खुडबुडी' म्हटलं नाहीस. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तू असाच वागला होतास, माझ्याआधी तुला कळला होता म्हणून.

आकडा मागे घेता येतो. फार वाईट दिसतं, पण येतो. आता सांग.

तुझी भाची

२४ ऑगस्ट

चि. खुडबुडीस,

पाच तारखेला एका पेल्याच्या तळाशी मला पांढरी टिकली दिसली. तबकडीवरचा मुलामा उडतो तशी. भिंगाखाली धरली. तुझा रंग होता. खालची बाजू तेलकट.

ते कातडं. चाळीस वर्षं मी त्यानं घड्याळं पुसली, त्यात तेल मुरलेलं. मी प्रत्येक भुंगेऱ्याच्या पाठीला आधी तेलाचा हात देत होतो आणि मग त्यावर रंग. खात्री करायला एकाला मातीच्या डब्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ठिपका मातीत, पाठ कोरी. दुसऱ्यावर केलं, तेच झालं. ते झुडपांच्या मुळांत शिरले की ठिपके गळून पडत होते. म्हणजे मी मोजलेले एकशे बारा नवे नव्हते. तेच तेच येत होते आणि मी त्यांना पुन्हा पुसून पाठवत होतो.

मग वही उघडली. मी लिहिताना मागचं पान कधी उलटत नाही, दुकानातही उलटायचो नाही. आता उलटलं. तुला लिहिलेले पाच लंगडे. पाचही वेळा माझ्याच हातानं लिहिलंय, उजवा मागचा पाय दोन पेरं कमी, डावी कड आठच्या जवळ खाच. खुडबुडी, तो एकच लंगडा होता. ठिपका नाही म्हणजे नवा, असं तू सांगितलंस, आणि मी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या ठिपक्यावर विश्वास ठेवला.

याची पहिली शंका मला पाच ऑगस्टला आली. अकराला तुला पत्र लिहिलं आणि त्यात वाऱ्याबद्दल लिहिलं. याची लाज मला त्या कातड्यापेक्षा जास्त वाटते. तुझी सही आहे त्या कागदावर. तू इतकी खूश होतीस, आणि मीही. दुकान बंद झाल्यापासून कोणी माझ्या कामाची वाट बघत नव्हतं, तू बघत होतीस. ते सोडवेना.

बाईंना सांग, चूक माझी आहे. म्हणतील तिथे सही करतो.

मामा

२८ ऑगस्ट

मामा,

बाईंना सांगितलं. मंडळाला दिलेला आकडा आज मागे घेतला. चिटणीस फोनवर म्हणाले, मग आता शून्य समजायचं का? मी म्हटलं, कळवते.

मी चिडलेली आहे. तेलाबद्दल नाही. एकोणीस दिवसांबद्दल, वाऱ्याबद्दल. कातड्याचं तू जूनमध्येच लिहिलं होतंस, तेव्हा माझ्याच लक्षात यायला हवं होतं. तेलावर रंग बसत नाही हे मला कळत नाही असं नाही. मी ते वाचून हसले आणि पुढे गेले. त्यामुळे तुझ्यावर धड चिडताही येत नाहीये, याचा आणखी राग येतोय.

वही पाठव. रजिस्टर पोस्टानं. आजच.

९ सप्टेंबर

ती. मामास,

बस आधी. मामीला हाक मार, तिलाही ऐकू दे.

वही आली तेव्हापासून मी जमिनीवर बसून आहे. तुझी एकशे बारा वर्णनं एकशे बारा चिठ्ठ्यांवर उतरवली आणि सारखी सारखी एकत्र ठेवत गेले. चारचा ओरखडा नि तुटकी डावी मिशी, एका ढिगात. दहाच्या जवळ खड्डा, एका ढिगात. आई म्हणाली, पत्ते खेळतेस का? तीन दिवस लागले. बाईंनी वेगळे ढीग लावून बघितले. आमचे दोघींचे ढीग जुळले, दोन चिठ्ठ्या सोडून.

सव्वीस.

दोन हजार नाहीत, आणि शून्यही नाहीत. सव्वीस भुंगेरे, आणि प्रत्येक जण ओळखता येतो. माझ्या क्षेत्रात असं कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. आम्ही ठिपके मोजतो. तू चेहरे लिहून ठेवलेस, आणि मी तुला सांगितलं होतं की वेळ घालवू नकोस.

आता पुढचं. सव्विसांपैकी तिघांच्या कडेला खाच आहे. चौदाची आठच्या जवळ. दुसऱ्याची डाव्या कडेला दहाच्या जवळ. तिसऱ्याची उजवीकडे चारला. 'बारीक कानशीनं घ्यावी तशी', असं तू तिन्ही ठिकाणी लिहिलंयस. तिसऱ्यांदा वाचलं आणि मी चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

मला पदवी मिळाली तेव्हा तू मला काय दिलं होतंस? तुझ्या पेटीतली सगळ्यात बारीक कानस. बाकीच्यांनी पेन दिली, तू कानस दिलीस. ती मी वापरली, मामा. दोन वर्षांपूर्वी, खालच्या माळावर. तेव्हा रंग नव्हता माझ्याकडे, मी चाळीस भुंगेऱ्यांच्या कडेला कानशीनं खाचा घेतल्या होत्या, प्रत्येकाची जागा वेगळी. मग नांगर आला. मी समजले सगळे गेले, आणि ती वही कपाटावर टाकून दिली. काल आईला स्टुलावर चढवून काढली. डावी कड, आठ: मादी, खालचा माळ. डावी कड, दहा: नर, खालचा माळ. उजवी कड, चार: मादी, खालचा माळ.

त्यांना उडता येत नाही. मधे चर आहे, गाडीरस्ता आहे, वर पाऊण किलोमीटरचा चढ आहे. तिघं चालत आले. खालून हाकलल्यावर ते वरच्या माळावर येऊन राहिलेत, आणि तिथून पुढे वर फक्त खडक आहे.

तू जूनमध्ये विचारलं होतंस, हा कारागीर कोण. मी तुला दगड आणि पक्षी सांगितले.

मीच होते. तुझ्याच कानशीनं.

खुडबुडी

ता. क. चौदा ही बाई आहे. लंगडत चढलीय.

१३ सप्टेंबर

चि. खुडबुडीस,

पत्र तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचलं. 'चालत आले' इथे थांबली आणि चष्मा पुसायला लागली. मी कातडं देऊ का विचारलं, तर तिनं माझ्या पाटलोणीवर पाण्याचा पेला रिकामा केला.

ती खाच मी ओळखायला हवी होती. त्या कानशीची एक धार मी स्वतः घासून बारीक केलेली आहे, तिचा काप जगात दुसऱ्या कुठल्या कानशीला येत नाही. म्हणून तर मी थबकलो होतो. मग तू हसलीस आणि मला वाटलं, आपले डोळे गेले.

तेव्हा आता फिट्टंफाट समजूया का? माझं तेल, तुझं हसू. एकोणीस दिवस मात्र माझ्याकडेच राहू देत.

मंडळापुढे काय सांगणार आहेस? सव्वीस म्हणजे फार थोडे ना?

मामा

३ ऑक्टोबर

ती. मामास,

फार थोडे. तसंच सांगितलं.

काल बैठक झाली. मी काठी टेकत उभी राहिले आणि म्हणाले, दोन हजार हा आकडा चुकीचा होता, सही माझी होती. खरा आकडा सव्वीस आहे. कोणीतरी मागून हसलं. अध्यक्षांनी विचारलं, हा तरी बरोबर कशावरून? मी तुझी वही त्यांच्यासमोर ठेवली. पहिल्या पानांवर 'कमान तुटली', 'किल्ली फिरत नाही', मग सरळ 'डावी मिशी तुटलेली'. ते बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी चौदाची पाच पानं एकेक करून बघितली आणि शेजारी माझी जुनी वही ठेवून खाच कुठे आहे ते स्वतः जुळवलं.

मग म्हणाले, म्हणजे खालून आपण हाकलले तेच हे? मी म्हटलं, हो. आणि आता वरून हाकलले तर जायला जागा नाही.

वरचा माळ तीन वर्षं तसाच राहणार आहे. कायमचा नाही, तीन वर्षं. दर उन्हाळ्यात मोजणी करून कळवायचं, आणि ती याच माणसानं याच पद्धतीनं करायची, असं त्यांनी लिहून घेतलंय. कागदावर तुझ्या नावापुढे 'तज्ज्ञ निरीक्षक' लिहिलंय. मी दुरुस्ती सुचवली नाही.

पुढच्या वर्षी किती असतील मला माहीत नाही, मामा. सव्विसातले बरेच म्हातारे आहेत. मला भीती वाटते, हे तुलाच सांगते. पण मे महिन्यात मी तिथे असेन, दोन्ही पायांवर, आणि पेले तूच पुरायचेस.

वही आणि कानस सोबत पाठवतेय. आता ठिपके नकोत.

राहिलेला अर्धा नमस्कार,
खुडबुडी

८ ऑक्टोबर

चि. खुडबुडीस,

वही, कानस पोचली. कानशीला गंज चढवलायस. कारागिरांना हत्यार सांभाळता येत नाही, हे पुन्हा सिद्ध झालं.

आज थंडीआधीची शेवटची फेरी केली, पेले काढून आणले. तुझी मामी बरोबर होती. फुलं वाळून तपकिरी झाली आहेत. एकोणतीस पेले रिकामे होते. तिसावा तुझ्या घसरण्याच्या जागेजवळचा. त्यात ती लंगडी बसली होती, शेवाळाखाली.

या वेळी पुसलं नाही. नुसतं तळहातावर घेतलं आणि भिंगातून बघितलं. तिनं काही उडवलं नाही, ओळख पटली असावी. मामी म्हणाली, आता थंडीत ही कशी राहील? मी म्हटलं, मातीत खोल जाते असं खुडबुडी सांगते. मग आम्ही दोघं तिथेच थोडा वेळ बसलो. ती झुडपाखाली गेली तरी बसलो होतो.

पुढच्या वर्षाची भीती मलाही आहे. घड्याळ सोडताना मला कधी वाटायची नाही.

खिडकीतली सतरा घड्याळं न्यायला अजून कोणी आलेलं नाही. हे गिऱ्हाईक मात्र दोन वर्षांनी आलं, ते पायी. घरी येऊन वहीत शेवटची ओळ लिहिली, ती तुझ्यासाठी उतरवून पाठवतो:

आलं: ८ ऑक्टोबर. खूण: डावी कड, आठच्या जवळ खाच, आपल्याच कानशीची. बिघाड: उजवा मागचा पाय, दुरुस्त होणारा नाही. चालू आहे. परत दिलं: त्याच दिवशी, होती तिथेच.

मामा